रेघा जोडा, आरपार मोजा: टेंपरली-लीब अल्जिब्रापासून क्वांटम ग्रुपपर्यंत

हा लेख मराठवाड्यातल्या एम.एस्सी. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. क्वांटम ग्रुप हे नाव सेमिनारमध्ये कानावर पडलं, पुस्तक उघडलं, आणि पहिल्याच पानावरच्या हॉप्फ अल्जिब्राच्या व्याख्येपाशी गाडी अडली, अशांसाठी. आमचा सल्ला असा की उलट्या बाजूने सुरुवात करा. आधी टेंपरली-लीब अल्जिब्राच्या आकृत्या काढा, त्यांचा गुणाकार करा, त्यातल्या आरपार जाणाऱ्या रेघा मोजा. क्वांटम ग्रुपकडे त्यानंतर जा. तिथे नेमक्या तुमच्या वहीतल्याच संख्या समोर येतात, आणि त्या का येतात हे समजलं की विषयाचा गाभा हाती आला.

लागणारं सामान थोडं आहे: चौकटीची वही, दोन रंगांच्या पेन्सिली, मॅट्रिक्सचा गुणाकार, डिटरमिनंट, रँक, आणि दोन व्हेक्टर स्पेसचा टेन्सर प्रॉडक्ट. टेन्सर प्रॉडक्ट कच्चा असेल तर २×२ मॅट्रिक्सचे चार-पाच क्रोनेकर प्रॉडक्ट हाताने करून या, तेवढं पुरतं. ली अल्जिब्रा आधी आलंच पाहिजे असं नाही.

पहिली पायरी: आकृत्या न चुकता काढणं

वर न बिंदू, खाली न बिंदू. प्रत्येक बिंदू दुसऱ्या एकाच बिंदूला रेघेने जोडायचा. रेघा दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यातच राहतील आणि एकमेकींना छेदणार नाहीत. वरच्या रांगेतले दोन बिंदू आपसात जोडले की खाली लोंबणारी वाटी दिसते, खालच्या रांगेतले जोडले की कमान. वरून खाली जाणारी रेघ ती आरपार रेघ. रेघ सरळ काढली की वळणाची, याने काही फरक पडत नाही. कोण कोणाला जोडलं आहे एवढंच महत्त्वाचं.

न = ३ साठी अशा आकृत्या ५ आहेत. त्या अंदाजाने काढत बसू नका, एखादी हमखास सुटते. वरची रांग डावीकडून उजवीकडे वाचा आणि खालची रांग उजवीकडून डावीकडे, म्हणजे सहा बिंदू एका ओळीत येतात. आता पहिला बिंदू कोणाला जोडता येईल ते पाहा. मधे सम संख्येने बिंदू उरले पाहिजेत, नाहीतर एकटा पडलेला बिंदू रेघ छेदल्याशिवाय जोडला जाणार नाही. म्हणून जोडीदार दुसरा, चौथा किंवा सहावाच. या तीन पर्यायांत उरलेल्या बिंदूंच्या जोडण्या अनुक्रमे २, १ आणि २ होतात. बेरीज ५. याच पद्धतीने न = ४ साठी १४, न = ५ साठी ४२ आणि न = ६ साठी १३२ मिळतात. या कॅटलन संख्या.

इथली सर्वांत नेहमीची चूक म्हणजे खालची रांगही डावीकडूनच वाचणं. तसं केलं की ओळीतल्या जोड्या बरोबर जुळलेल्या दिसतात, पण आकृतीत रेघा छेदतात. न = ४ ची यादी १४ ची झाली तरी तिच्यातल्या काही आकृत्या चुकीच्या असतात, त्यामुळे नुसती संख्या जुळली म्हणून समाधान मानू नका.

दुसरी पायरी: गुणाकार

दोन आकृत्या एकीखाली एक ठेवा. वरच्या आकृतीची खालची रांग आणि खालच्या आकृतीची वरची रांग एकच माना, रेघा जोडत जा आणि मधली रांग पुसून टाका. मधे कुठे बंद कडं तयार झालं तर ते काढून टाका आणि त्याच्याबद्दल ड या संख्येने गुणा. पुस्तकांत या ड ला डेल्टा म्हणतात. आकृत्यांना संख्यांनी गुणून बेरजा घेतल्या आणि त्यांवर हाच गुणाकार चालवला की मिळतं ते टेंपरली-लीब अल्जिब्रा.

न = ३ मध्ये उ१ म्हणजे वर १-२ वाटी, खाली १-२ कमान आणि तिसरी रेघ आरपार. उ२ मध्ये वाटी आणि कमान २-३ वर, पहिली रेघ आरपार. करून पाहा:

उ१ × उ१ = ड × उ१
उ१ × उ२ × उ१ = उ१
उ२ × उ१ × उ२ = उ२

न = ४ पासून आणखी एक नियम येतो, उ१ × उ३ = उ३ × उ१. कारण दोघांच्या वाट्या एकमेकींपासून दूर आहेत. हे नियम १९७१ साली टेंपरली आणि लीब यांच्या संख्याशास्त्रीय भौतिकीच्या कामात आले. त्यांच्यापुढे पॉट्स मॉडेल आणि बर्फाच्या नमुन्यासारखी जाळीदार मॉडेलं होती. या रेघांच्या आकृत्या नंतर, १९८० च्या दशकात, कॉफमन यांनी रूढ केल्या. पण शिकणाऱ्याने आकृत्यांपासूनच सुरुवात करावी. नुसत्या नियमांवरून अल्जिब्राचं डायमेन्शन किती हे चटकन दिसत नाही, आकृत्या मोजल्या की लगेच कळतं.

न = ३ चं पूर्ण गुणाकार-कोष्टक करा. पाच आकृत्या म्हणजे एकक, उ१, उ२, उ१उ२ आणि उ२उ१. गुणाकार २५. परभणीहून नांदेडला रेल्वेने जाता जाता होणारं हे काम आहे. तपासणी अशी: एकक सोडून उरलेल्या चार आकृत्यांच्या १६ गुणाकारांपैकी बरोबर ८ मध्ये ड येतो आणि ८ मध्ये येत नाही. कारण प्रत्येकीला खाली एक कमान आणि वर एक वाटी आहे. पहिलीची कमान आणि दुसरीची वाटी एकाच जागी असेल तरच कडं बंद होतं. तुमचा आकडा ८ आला नाही तर कुठेतरी कडं सुटलंय किंवा दोनदा मोजलंय.

न = ४ चा एक गुणाकार मुद्दाम करा: (उ१उ३) × उ२ × (उ१उ३). इथे पुष्कळ जण दोन कडी मोजतात, कारण मधल्या दोन रांगांत वळणं खूप दिसतात. दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीने एका बिंदूपासून सुरू करून रेघेवरून न उचलता फिरा. आठही बिंदू फिरून तुम्ही त्याच जागी परतता. म्हणजे कडं एकच आणि उत्तर ड × उ१उ३. नियमांनीही तेच येतं: उ३उ२उ३ = उ३, मग उरतो उ१उ३उ१ = ड × उ१उ३.

गुणाकारात कोणती आकृती वर ठेवायची याबद्दल पुस्तकांत एकमत नाही. आम्ही डावीकडची वर ठेवतो. दुसरी पद्धतही तितकीच बरोबर, पण वहीच्या पहिल्या पानावर आपली पद्धत लिहा आणि मधेच बदलू नका. सेजमॅथ हे मोफत सॉफ्टवेअर वापरणार असाल (त्यात टेंपरली-लीब, ब्राउअर आणि पार्टिशन या तिन्ही अल्जिब्रा तयार आहेत, आणि ते मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं) तर तिथे एका रांगेचे बिंदू १, २, ३ आणि दुसऱ्या रांगेचे उणे १, उणे २, उणे ३ असे लिहिलेले दिसतील. सुरुवातीला उ१ × उ२ एवढाच गुणाकार तिथे करून आपल्या वहीशी ताडून घ्या.

तिसरी पायरी: आरपार रेघा

सगळा लेख या पायरीवर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका.

दोन आकृत्यांच्या गुणाकारात आरपार रेघा कमी होतील किंवा तेवढ्याच राहतील, वाढणार कधीच नाहीत. कारण उघड आहे: गुणाकारातली प्रत्येक आरपार रेघ दोन्ही आकृत्यांमधून पार गेलेली असते. शिवाय त्या दोन-दोननेच कमी होतात. म्हणून न = ४ मध्ये आरपार रेघा ४, २ किंवा ० असतात.

आता प्रत्येक आकृती मधोमध आडवी कापा. वरचा अर्धा भाग म्हणजे न बिंदू, त्यांतल्या काहींवर वाट्या, उरलेल्यांतून खाली सुटलेल्या रेघा. खालचा अर्धा भाग उलटा धरला की तोही तसाच. दोन्ही अर्ध्यांत सुट्या रेघा सारख्या असतील तर ते एकाच प्रकारे जोडता येतात, कारण छेद चालत नाही. म्हणजे पूर्ण आकृती ही दोन अर्ध्या आकृत्यांची जोडी. न = ४ साठी अर्ध्या आकृत्या: ४ सुट्या रेघांची १, दोन सुट्या रेघांच्या ३, शून्य सुट्या रेघांच्या २. आणि १ + ९ + ४ = १४.

न = ५ साठी १, ४, ५: वर्गांची बेरीज १ + १६ + २५ = ४२. न = ६ साठी १, ५, ९, ५: १ + २५ + ८१ + २५ = १३२. हे आकडे पाठ करू नका, तक्ता करा. वरच्या ओळीत न आणि खालच्या ओळीत न + १ घ्या. खालच्या ओळीतली र सुट्या रेघांची संख्या म्हणजे वरच्या ओळीतल्या र − १ आणि र + १ या घरांची बेरीज. नवा बिंदू उजवीकडे आला की एकतर तो स्वतः सुटी रेघ होतो, नाहीतर शेवटच्या सुट्या रेघेला वाटीने बांधतो, इतकंच त्यामागे आहे. सूत्र हवं असेल तर वाट्या प असताना संख्या = (न मधून प निवडी) − (न मधून प − १ निवडी). न = ६, प = २: १५ − ६ = ९. हे सूत्र ध्यानात ठेवा, पाचव्या पायरीत तेच परत भेटतं.

चौथी पायरी: अर्ध्या आकृत्यांवर क्रिया, आणि ड कुठे बिघडतो

सुट्या रेघांची संख्या र ठरवा. तेवढ्या रेघांच्या अर्ध्या आकृत्या हा बेसिस. पूर्ण आकृती अर्धीच्या वर ठेवा, जोडा, कड्यांबद्दल ड द्या. सुट्या रेघा र पेक्षा कमी झाल्या तर उत्तर शून्य. हे स्टँडर्ड मॉड्यूल.

न = ३, र = १ घ्या. बेसिस दोनच: अ म्हणजे १-२ वाटी, ब म्हणजे २-३ वाटी.

उ१ अ = ड अ, उ१ ब = अ
उ२ अ = ब, उ२ ब = ड ब

यावरून २×२ मॅट्रिक्स लिहा आणि दुसऱ्या पायरीतले नियम तपासा.

पुढे दोन अर्ध्या आकृत्यांचा आतला गुणाकार घ्यायचा. एक उलटी करून दुसरीवर ठेवा. एकीची प्रत्येक सुटी रेघ दुसरीच्या सुट्या रेघेला मिळाली तर कड्यांइतके ड, नाहीतर शून्य. वरच्या उदाहरणात अ-अ चा ड, ब-ब चा ड, अ-ब चा १. या संख्यांच्या मॅट्रिक्सचा, म्हणजे ग्राम मॅट्रिक्सचा, डिटरमिनंट ड×ड − १. न = ४, र = २ साठी ३×३ मॅट्रिक्स येतं, कर्णावर ड, शेजारी १, कोपऱ्यात शून्य, आणि डिटरमिनंट ड×ड×ड − २×ड. न = ४, र = ० साठी कर्णावर ड×ड आणि बाजूला ड, डिटरमिनंट ड×ड×(ड×ड − १).

डिटरमिनंट शून्य होतो तिथे स्टँडर्ड मॉड्यूलच्या आत एक उपमॉड्यूल लपलेलं असतं आणि अल्जिब्रा सेमीसिंपल राहत नाही (म्हणजे त्याचं प्रत्येक मॉड्यूल न फुटणाऱ्या तुकड्यांत पूर्ण सुटं होतंच असं नाही). ड = १ घातला की न = ३ लाच हे घडतं. ड = ० मात्र न = ३ ला काही बिघडवत नाही, कारण डिटरमिनंट −१ येतो. न = ४, र = ० ला तोच ड = ० पूर्ण ग्राम मॅट्रिक्स शून्य करतो. म्हणून "ड शून्य म्हणजे वाईट" असा सरसकट नियम करू नका, प्रत्येक न साठी मोजा. ग्रॅहम आणि लेहरर यांनी १९९६ मध्ये सेल्युलर अल्जिब्राची जी व्याख्या दिली, तिच्यात नेमकी हीच रचना आहे: अर्ध्या आकृत्या, जोड्या आणि आतला गुणाकार.

आता ड = क्यू + १/क्यू लिहा. ड×ड − १ होतं क्यूचा वर्ग + १ + १/क्यूचा वर्ग. याला क्वांटम पूर्णांक [३] म्हणतात. ड×ड×ड − २×ड म्हणजे [४], आणि ड स्वतः [२]. न बिंदू आणि न − २ सुट्या रेघा असतील तर डिटरमिनंट नेहमी [न] येतो, म्हणजे क्यूच्या न − १ पासून −(न − १) पर्यंत दोन-दोनने उतरणाऱ्या घातांची बेरीज. क्यू हे अक्षर अजून आपण कुठल्या ग्रुपमधून आणलेलं नाही, तरी क्वांटम पूर्णांक वहीत उतरले आहेत.

पाचवी पायरी: क्वांटम ग्रुप

ड्रिनफेल्ड आणि जिम्बो यांनी १९८५ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलेल्या क्वांटम ग्रुपांपैकी सर्वांत लहान आपण घेतो, एसएल-२ चा. त्यात ई, एफ, के आणि के-चा व्यस्त असे घटक आहेत. आपल्याला फक्त त्यांची दोन डायमेन्शनवरची क्रिया हवी. बेसिस ↑ आणि ↓. ई हा ↓ ला ↑ करतो आणि ↑ ला शून्य. एफ उलटं करतो. के हा ↑ ला क्यूने आणि ↓ ला १/क्यूने गुणतो.

टेन्सर प्रॉडक्टवर क्रिया कोप्रॉडक्टने ठरते, म्हणजे एका घटकाची क्रिया दोन जागांवर कशी वाटायची या नियमाने. आम्ही हा घेतो: ई जातो ई⊗के + १⊗ई मध्ये, एफ जातो एफ⊗१ + (के-व्यस्त)⊗एफ मध्ये, के जातो के⊗के मध्ये.

या दोन डायमेन्शनच्या स्पेसच्या दोन प्रतींच्या टेन्सर प्रॉडक्टवर ई आणि एफ दोघेही शून्य करतात असा व्हेक्टर शोधा. अ↑↓ + ब↓↑ धरा (↑↓ म्हणजे ↑⊗↓, आणि इथे अ, ब या नुसत्या संख्या). ई लावला की (अ + क्यू×ब)↑↑ येतं. म्हणून अ = क्यू, ब = −१. एफ लावून पाहिलं तर तीच अट येते. तो व्हेक्टर क्यू↑↓ − ↓↑, आणि आकृतीतली वाटी म्हणजे हाच व्हेक्टर. आता उ ची क्रिया अशी ठरवा:

↑↓ जातो क्यू↑↓ − ↓↑ मध्ये
↓↑ जातो −↑↓ + (१/क्यू)↓↑ मध्ये
↑↑ आणि ↓↓ जातात शून्यात

रँक १ आहे आणि ट्रेस क्यू + १/क्यू, म्हणून उ × उ = ड × उ आपोआप. तीन प्रतींवर उ१ पहिल्या दोन जागांवर आणि उ२ शेवटच्या दोन जागांवर लावा. ↑↓↑ वर उ१उ२उ१ करून पाहा. उ१ नंतर क्यू↑↓↑ − ↓↑↑. त्यावर उ२ लावला की ↑↓↑ − क्यू↑↑↓ (दुसरं पद शून्य झालं). त्यावर उ१ लावला की परत क्यू↑↓↑ − ↓↑↑. म्हणजे उ१ चंच उत्तर.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोप्रॉडक्ट एका पुस्तकातून आणि उ चं मॅट्रिक्स दुसऱ्या पुस्तकातून घेणं. कोप्रॉडक्टची बाजू बदलली की मॅट्रिक्समध्ये क्यू आणि १/क्यू यांची अदलाबदल होते. टेंपरली-लीबचे नियम तरीही पाळले जातात, त्यामुळे चूक दिसत नाही. पण उ आणि ई यांची क्रिया कम्युट होत नाही आणि पुढचं सगळं निरर्थक होतं. म्हणून नियम तपासण्याआधी कम्युट होतं का ते तपासा. दुसरा खड्डा चिन्हाचा: गाठींच्या सिद्धांतातली पुस्तकं ड = −(क्यू + १/क्यू) या धाटणीचं काहीतरी लिहितात. पुस्तक बदललं की आधी ड ची व्याख्या पाहा.

आता मोजणी. चार प्रतींचं डायमेन्शन १६. क्वांटम ग्रुपच्या क्रियेखाली ते पुढे न फुटणाऱ्या तुकड्यांत असं फुटतं: ५ डायमेन्शनचा १ तुकडा, ३ डायमेन्शनचे ३, १ डायमेन्शनचे २. बेरीज ५ + ९ + २ = १६. तुकड्यांची संख्या १, ३, २, म्हणजेच तिसऱ्या पायरीतल्या अर्ध्या आकृत्या. र सुट्या रेघा म्हणजे र + १ डायमेन्शनचा तुकडा.

असं का, हे पाहायला जड प्रमेय लागत नाही. क्यू सर्वसाधारण असताना (एककाचं मूळ नसताना) तुकड्यांची संख्या वजनांवरून, म्हणजे के ज्या संख्येने गुणतो तिच्यावरून, मोजता येते. प खाली-बाण असलेल्या ओळी न मधून प निवडींइतक्या. त्यांतून वरच्या मोठ्या तुकड्यांत गेलेल्या वजा करा, म्हणजे न मधून प − १ निवडी. उरतं तेच सूत्र. जोडी प्रत्यक्ष लावूनही दाखवता येते. बाणांची ओळ डावीकडून वाचा, ↑ म्हणजे उघडणारा कंस, ↓ म्हणजे बंद होणारा. प्रत्येक ↓ ला आधीचा ↑ मिळतो अशा ओळी निवडा. जुळलेल्या कंसांवर वाटी, उरलेले ↑ सुट्या रेघा. न = ४, प = २ साठी ↑↑↓↓ आणि ↑↓↑↓ एवढ्याच दोन. कंस जुळवायचा हाच नियम काशिवारा यांच्या १९९० च्या क्रिस्टल बेसमध्ये आहे, तिथे क्यू शून्याकडे नेतात.

एका बाजूला क्वांटम ग्रुप आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याशी कम्युट होणारं टेंपरली-लीब, ही शूर-वायल ड्युअॅलिटी. जिम्बो यांनी १९८६ मध्ये ती हेके अल्जिब्रासाठी (सिमेट्रिक ग्रुपच्या ग्रुप अल्जिब्राचं क्यू घातलेलं रूप) दिली. एसएल-२ वर हेके अल्जिब्राचा जो भाग टिकतो तो टेंपरली-लीब. क्यू = १ ठेवलं तर सिमेट्रिक ग्रुप दिसतो. न = ३ ला ६ परम्युटेशन आणि ५ आकृत्या, फरक १. कारण दोनच डायमेन्शन असल्यावर तीन व्हेक्टरांचं पूर्ण प्रतिसममितीकरण शून्य होतं. न = ४ ला २४ − १४ = १०, म्हणजे १ + ९.

सहावी पायरी: जोन्स-वेंझल प्रोजेक्टर

सर्वांत मोठ्या तुकड्यावर नेणारा प्रोजेक्टर आकृत्यांत लिहा. न = ३ साठी:

१ − ([२]/[३])(उ१ + उ२) + (१/[३])(उ१उ२ + उ२उ१)

याला डावीकडून उ१ ने गुणा. उ१ चा सहगुणक ([३] − [२]×[२] + १)/[३] येतो, आणि [२] चा वर्ग [३] + १ असल्याने तो शून्य. उ१उ२ ची पदं आपसात कटतात. [३] = ० असेल, म्हणजे ड = १ किंवा −१, तर प्रोजेक्टरच अस्तित्वात नाही. चौथ्या पायरीतला डिटरमिनंट तिथेच शून्य झाला होता. दोन्हीकडे बिघाड एकाच जागी होतो, हे आपल्या हाताने पाहिल्यावर एककाच्या मुळांवरचा क्वांटम ग्रुप परका वाटत नाही.

सराव करून घेण्याची लातूरची सवय इथे खरंच कामाला येते. न = ४ चा प्रोजेक्टर १४ पदांचा आहे. तो एकदा पूर्ण लिहा, मग सेजमॅथने ताडा.

यापुढे

छेद चालू द्यायचे ठरवले तर ब्राउअर अल्जिब्रा (१९३७) मिळतं: १, ३, १५, १०५ आकृत्या. ते ऑर्थोगोनल आणि सिम्प्लेक्टिक ग्रुपांचं. त्याचं क्वांटम रूप बर्मन, वेंझल आणि मुराकामी यांच्या नावाने ओळखलं जातं. बिंदूंचे कसेही गट पाडू दिले तर पार्टिशन अल्जिब्रा: २, १५, २०३, ४१४०, बेल संख्या एकेक सोडून. १५ दोन्हीकडे दिसतो, पण ब्राउअरमध्ये तो न = ३ ला आणि पार्टिशनमध्ये न = २ ला आहे. गाठींकडे वळायचं असेल तर प्रत्येक छेदाच्या जागी एकक आणि उ यांची योग्य बेरीज ठेवा, त्यातून १९८० च्या दशकातला जोन्स पॉलिनॉमियल मिळतो. जोन्स आणि ड्रिनफेल्ड दोघांनाही १९९० साली क्योटोमध्ये फील्ड्स पदक मिळालं.

पण आमच्या मते पुढचा सर्वांत चांगला गृहपाठ मोट्झकिन अल्जिब्रा. तिथे बिंदू एकटा सोडता येतो, छेद चालत नाहीत, आकृत्या २, ९, ५१. क्वांटम ग्रुपच्या बाजूला ↑ आणि ↓ च्या जोडीला एक डायमेन्शनचा क्षुल्लक तुकडा मिळवा आणि दोन प्रती घ्या. १ डायमेन्शनचे २ तुकडे, २ डायमेन्शनचे २ आणि ३ डायमेन्शनचा १ मिळतो. ४ + ४ + १ = ९. न = २ च्या नऊ आकृत्या काढा, आरपार रेघांनुसार ४, ४, १ अशा वाटा, आणि मग न = ३ च्या ५१ घ्या.